एका वसाहतीच्या दोन काचा

दोन्ही काचांवर एकच जीव आहे, हे धाकटीला काही केल्या पटेना.

“काहीतरीच तुझं! हा केवढा, आणि हे चिल्लंपिल्लं केवढं!”

“अगं, एकाच वसाहतीचे दोन तुकडे आहेत,” थोरली म्हणाली. ती या समुद्री प्रयोगशाळेत शास्त्रज्ञ होती. “काचेवर पसरलेल्या या जाळीतला एकेक खण म्हणजे एकेक जीव. अर्धी वसाहत अन्नाने भरल्या पाण्यात ठेवली, अर्धी उपाशी. उपाशी काचेवर सगळे खुजे निपजले. त्यातही नरच फार. मादी पोसायला खर्च जास्त, तो झेपत नाही.”

“आमच्याकडेही काटकसर मादीपासूनच!” धाकटी हसली.

थोरलीला हसू आलं नाही. दोघी जुळ्या. आई बाळंतपणात गेली, तेव्हा वडिलांनी एक ठेवून घेतली, एक मावशीला दिली. वाटणी चोख झाली. ताटं तेवढी सारखी नव्हती. मावशीकडे आधी काका जेवत, मग त्यांचे मुलगे, मग उरलंच तर धाकटी. आता चेहरा तोच, पण धाकटी थोरलीच्या जेमतेम कानाशी लागत होती.

वडील गेल्यावर थोरलीने हट्टच धरला : तू आता माझ्याकडे राहायला ये. मुलगे पांगलेले, मावशी अंथरुणाला खिळलेली; तिचं धाकटीची लेक करील. लेकीच्या शाळेचं पुढेमागे बघू. विधवा धाकटी कशीबशी राजी झाली. पहिलं वाढलेलं ताट जन्मात प्रथमच तिच्या वाट्याला येणार होतं. लेक तिला पोचवायला आली होती. बाहेर बाकावर बसली होती, संध्याकाळच्या गाडीने एकटी परतायची होती.

धाकटी काचेवर वाकली. “ही उपाशी काच आता भरल्या पाण्यात टाकली तर?”

“वाढेल की. झपाट्याने वाढेल.”

“म्हणजे हे खुजे मोठे होतील?”

थोरली घुटमळली. खोटं बोलायला जागा चांगली होती, पण सवय नव्हती.

“नाही गं. हे घडले ते तेवढेच. कडेला नवे फुटतील, ते मोठे होतील.”

एखादा सौदा पटावा तशी धाकटीने मान डोलावली. दार उघडून तिने लेकीला आत बोलावलं, थोरलीच्या पुढ्यात उभं केलं.

“संध्याकाळी मी जाते. तू इथे राहायचंस. शाळेत जायचंस.”

पोर भेदरली. “आणि आई?”

“हिला म्हणायचं आई. तोंडवळा तोच आहे, सवय पटकन होईल.”