ओसरीचं निळं छत

अमेरिकेतल्या सवाना शहराच्या जुन्या वस्तीतलं ते बैठं घर बँकेने जप्त करून विकायला काढलं होतं. गिऱ्हाईक यायच्या आधी मी कुलूप उघडायला गेलो, तर एक म्हातारी शिडीवर चढून ओसरीचं छत निळं रंगवत होती.

"आजी, खाली उतरा. हे घर बँकेचं आहे."

"भुतांना बँकेचे कागद वाचता येत नाहीत, बाळा. निळं छत दिसलं, तरच ती दारातून मागे फिरतात. शिडी धर, हलतेय."

मी धरली. "पण तुम्ही कोण?"

"अर्नेस्टीन. मार्चमध्ये तुम्ही बाहेर काढलंत ती. एक्केचाळीस वर्षं या घरात मला शांत झोप लागली. नव्या माणसालाही लागू दे."