पुढची झोळी

सरुबाईने लुगड्याची गाठ पाठीवर आवळली आणि मान खाली घालून आत पाहिलं. जयवंताचं नाक मोकळं होतं. पोर तिच्या छातीला चिकटून चुटूचुटू पीत होतं. मग ती मेथीच्या वाफ्यात उतरली.

"पोर पुढं बांधतंय व्हय कुनी?" बांधावरून जाणारी दगडाबाई म्हणाली. "काखंत घे, न्हायतर झाडाला झोळी टांग. असं वाकायचं कसं?"

"वाकतीया की," सरुबाई म्हणाली आणि दगडाबाईच्या देखत मेथीची जुडी बांधून टाकली.

सांगवीत असं कुणी पाहिलं नव्हतं. पण गोष्टच तशी होती. पोर सरुबाईचं नव्हतं, तिच्या धाकट्या जावेचं, रतनचं होतं. सरुबाईचं स्वतःचं तान्हं आखाडात तापाने गेलं. श्रावण लागला तशी रतन आपलं पोर घेऊन तिच्या पुढ्यात बसली आणि रडायलाच लागली.

"जाऊबाई, माझं दूध आटलं. कुशामावशी म्हनती, पोर नाजूक हाय. कुनी दिसरात उबंला बांधून ठेवलं, अंगावर पाजलं, तरच जगंल. तुमाला अजून दूध हाय. न्हायतर ह्यो काय दिवाळी बघत न्हाय."

कुशाबाई गावची सुईण. तिचा शब्द म्हणजे दगडावरची रेघ.

सरुबाईला आधी रागच आला. माझं गेलं आणि ही आपलं घेऊन आली! त्या दिवसांत तिचं कशातच लक्ष नव्हतं. ताटातली भाकरी वाळून जायची. कालव्यावर धुणं धुवायला गेली, की धुणं आटपून पाण्याकडे बघत बसायची आणि तिच्या नवऱ्याला, महिपतीला, तिला हाताला धरून घरी आणावं लागायचं. पण पोराने तोंड वासलं आणि तिला पान्हा फुटला. पुढे तिच्या हातात काही राहिलंच नाही. इंदापूरच्या कोष्ट्याच्या मागावरचं जाड लुगडं तिने उभं फाडलं आणि पोर छातीशी बांधलं.

मग मात्र तिने कमाल केली. भाकरी थापताना ती तिरकी बसायची, पोराला चुलीची धग लागायला नको म्हणून. वैरण कापली, शेणी थापल्या, एसटीने बारामतीच्या बाजारात मेथी नेली, पण गाठ सुटली नाही. कंडक्टर उठून जागा द्यायचा. बायका बोटं मोडून दृष्ट काढायच्या. एवढं दुःख गिळून दुसरीच्या पोरासाठी असं झिजणारी बाई बघितली, की कुणाचंही ऊर भरून यावं.

गावाने सरुबाईला जेवढं उचलून धरलं, तेवढीच रतनला नावं ठेवली. आधी तर तिला ताप भरला. अंग दुखतंय म्हणत, छातीला फडकं आवळून ती गोठ्याच्या कोपऱ्यात पडून असायची. सासू छबूबाईच्या जिभेला तर हाडच नव्हतं.

"आमची म्हस बरी," ती चारचौघींत म्हणायची. "आपल्या रेडकाला तरी पाजती."

रतन उलटून बोलली नाही. ताप उतरल्यावर ती रोज दुपारी भाकरी, तिळाची चटणी आणि अळिवाची खीर सरुबाईपुढे ठेवायची.

"खावा, जाऊबाई. तुमी खाल्लं तर त्याला मिळंल."

ताट रिकामं होईपर्यंत ती हलायची नाही. सरुबाई पोरासाठी म्हणून खायची आणि रतनकडे बघून मनात म्हणायची, बिचारी! आई असून कोरडी राहिली. कधीकधी पोराची टाळू हुंगताना तिला जरासा गर्वही वाटायचा. वाटणारच की!

दिवाळीला पहिल्या अंघोळीचं तेल लावताना पोराच्या मांड्यांना वळ्या पडलेल्या दिसल्या. पोराने तिच्या नाकाला धरलं आणि सरुबाई खळखळून हसली. आतून महिपती धावत आला. कितीतरी दिवसांनी तिचं हसू कानावर पडलं होतं. रतन दारातच उभी होती. तिने पदर डोळ्याला लावला आणि आत निघून गेली.

भाऊबीज झाल्यावर सरुबाई खण-नारळ घेऊन कुशाबाईकडे गेली. म्हातारी ओट्यावर बाजरी निवडत बसली होती.

"मावशी, तुमचा उपाय लागू पडला. पोर जगलं बघा."

कुशाबाईने पोराच्या गालावरून हात फिरवला, पण खण घेतला नाही.

"ह्यो खण रतनला नेऊन दे."

"तिला? ती कशापायी?"

"आता तू हसाय लागलीस म्हनून सांगती." म्हातारीने सूप बाजूला ठेवलं. "अगं, पोराला काय धाड भरली नव्हती. अंगानं बारकं व्हतं, पर खडखडीत व्हतं."

"आन रतनचं दूध?"

"आटलं कुठं? गोठ्यात बसून भुईवर पिळायची. छाती दाटून ताप भरला तिला, पर तुमा कुनाला कळू दिलं न्हाय."

सरुबाईचा हात आपसूक पोराच्या पाठीवर गेला.

"तू कालव्यावर कशापायी बसतीस, ते वळखलं व्हतं तिनं. मला म्हनली, मावशी, माझं लेकरू त्यास्नी बांधून देती, म्हंजी त्या घरी येतील. मी म्हनलं, येडी का काय तू? आन लेकरासकट उडी घेतली तर? तर म्हनली, न्हाय घ्यायच्या. मी वळखती जाऊबाईस्नी."