बाप्तिस्म्याचं पाणी

चौसाळ्यात पाण्याचा टँकर आजही आला नव्हता. घरात उरलेलं तांब्याभर पाणी शलोमीनं तापानं फणफणलेल्या बाळाच्या तातडीच्या बाप्तिस्म्यासाठी झाकून ठेवलं होतं. पाळकसाहेब येईपर्यंत तिचा जीव थाऱ्यावर नव्हता.

ते भर उन्हात आले, आणि ती बाळाला बाहेर आणेपर्यंत सासूबाईंनी तेच पाणी त्यांना प्यायला दिलं.

"आत्या, अवं बाप्तिस्म्याचं होतं ते!"

"मग? उनातनं आलेल्या मानसाला कोरडंच बसवू?"

कुडापलीकडून हे ऐकून शेजारच्या सिंधुबाई आपली अर्धी कळशी घेऊन आल्या. "पोरी, आमचं बुद्धाच्या घरचं पानी चालंल का गं तुमच्या येशूला?"



शलोमीनं बाळाचं टोपडं काढलं आणि डोकं त्या कळशीपुढं धरलं.