कपाटातली फळी

दिवाणावरून उतरताना माझा म्हातारा कुत्रा भुंग्या केकाटला आणि पाठ वर काढून तिथेच उभा राहिला. मागचे पाय थरथरत होते. एरवी तो कुरकुरायचा, पण असा कधी ओरडला नव्हता. उचलायला वाकलो, तर माझ्यावरच गुरगुरला.

माझंच काही चुकलं असेल, असं वाटून मी मागे सरकलो. मग त्याचे डोळे पाहिले. त्यांत राग नव्हता. त्याला फार दुखत होतं.

डॉक्टरांना फोन केला. "मणका असेल. कडेवर घेऊ नका, मागचा भाग लुळा पडेल. फळीवर निजवून आणा."

घरात फळी एकच, पुस्तकांच्या कपाटातली. ती ओढली, तशी पुस्तकं धडाधड कोसळली.

शेजारच्या कालिंदीताई दारात आल्या. "काय देवधर, वाचनालय बंद केलंत?"

त्यांच्याशी मी कधी धड बोललो नव्हतो. "दुसरं टोक धरा," मी म्हणालो. "आधी त्याला अलगद सरकवू."

रिक्षात फळी दोघांच्या मांड्यांवर होती. "नीट करतोय ना रे मी?" मी भुंग्याला हळूच विचारलं.

"अहो," कालिंदीताई म्हणाल्या, "शेपटी हलली त्याची."