कोद्रेयांचा मूळपुरुष

“एकोणीस,” स्मिता कणीक मळता मळता म्हणाली. “अख्ख्या जगात त्याच्या आडनावाची फक्त एकोणीस घरं.”

कोणाच्या, हे सतीशला विचारावं लागलं नाही. गेला महिनाभर आखातातल्या अल कुसैसच्या त्या दोन खोल्यांत ल्यूक कोद्रेयशिवाय दुसरा विषय नव्हता. ल्यूक म्हणजे स्मिताचा नवा साहेब. त्याच शहरातल्या देरा भागात एका शिपिंग कंपनीत ती अकाउंट्स बघायची आणि हा तिथे मार्सेलहून बदलून आला होता. फ्रान्समध्ये म्हणे फोनला जोडलेलं एक यंत्र असतं. त्यात आडनाव घातलं की देशभरातली त्या नावाची घरं समोर येतात. या पठ्ठ्याने आपलं घालून बघितलं, तर एकोणीस. सगळी एकाच गावाच्या आजूबाजूला. देशाबाहेर तर कोद्रेय औषधालाही नाही.

दुसरा कुणी असता तर ‘असं होय’ म्हणून पेपरात डोकं घातलं असतं. सतीशच्या तळपायाची आग मस्तकात गेली. बायको साहेबाचं कौतुक करते हे एक दुखणं होतंच, त्यात आडनावाचं कौतुक, आणि तेही इंगवल्यांच्या घरात! सतीश इंगवले म्हणजे शहाण्णव कुळी. कुठल्याही लग्नाच्या बैठकीत देवक आणि कूळ विचारल्याशिवाय त्याच्या घशाखाली चहा उतरत नसे. आडनाव दुर्मीळ म्हणजे घराणं मोठं, असा त्याचा सरळ हिशेब. राजेरजवाडे काय गल्लोगल्ली सापडतात? म्हणजे हा गोरा नुसता पगारानेच नाही, कुळानेही वरचढ निघाला, आणि बायकोला ते कळलं. स्मिता त्या नावाचं पुढे काही सांगायला जायची, की हा उठून टीव्हीचा आवाज वाढवायचा. जळत होता नुसता. खरं सांगायचं तर बायको मनाने दुसरीकडे गेली की काय, या भीतीने जळत होता.

भीतीला कारणही होतं. लग्नाला दहा वर्षं होऊन घरात पाळणा हलला नव्हता. उन्हाळ्यात स्मिता माहेरी कोल्हापूरला गेली, तेव्हा तिने एका आश्रमात पाच महिन्यांची मुलगी पाहिली. परत आल्या आल्या म्हणाली, आपण हिला घेऊया. सतीशने तिथल्या तिथे विषय खलास केला. कुणाचं कोण पोर, त्याला इंगवल्यांचं नाव लावायचं? आमच्या घराण्याला कमीपणा आणायचा? स्मिता रडली नाही, भांडली नाही. गप्प झाली. आणि पुन्हा तोंड उघडलं ते या कोद्रेयचं नाव घ्यायला.

बोलाव त्याला शुक्रवारी जेवायला, सतीश म्हणाला. बघू तरी काय खानदान आहे ते.

ल्यूक दुपारी आला. चाळिशी उलटलेला, टक्कल पडत चाललेला, हातात खजुराचा डबा. सतीशची निम्मी धास्ती तिथेच उतरायला हवी होती. पण स्मिताने ठेवणीतली मोरपंखी साडी नेसली होती आणि ती त्याच्या डोळ्यांत खुपत होती. तांबडा रस्सा त्याने मुद्दाम झणझणीत करायला लावला होता. साहेबाच्या नाकाडोळ्यांतून पाणी वाहायला लागलं, पण गडी वाटी पुढे करून आणखी मागू लागला. स्मिता हसली. सतीशला घास कडू लागला.

मग त्याने आपल्या नऊ पिढ्या काढल्या. पहिले इंगवले कोण, कुठल्या लढाईत होते, कुठलं वतन मिळालं, सगळं इंग्रजीत, सगळं दामटून. ल्यूक मन लावून ऐकत होता. शेवटी सतीशने आठवडाभर घोकून ठेवलेला प्रश्न टाकला. तुमचा मूळपुरुष कोण? तुमचं घराणं कोणापासून सुरू झालं?

“एका बाळापासून,” ल्यूक म्हणाला.

फार जुनी गोष्ट, त्याच्या खापरपणजोबांची. गावच्या इस्पितळाच्या दारात कुणीतरी एक तान्हं मूल ठेवून गेलं. तेव्हा तिकडे दंडक असा, की टाकलेल्या पोराला कुठल्याही नांदत्या घराचं आडनाव द्यायचं नाही. त्या घराण्याला कमीपणा येतो. मग कारकुनाने बसल्या बसल्या कुणाचंच नसलेलं एक नाव बनवलं. कोद्रेय. त्याला काही अर्थ नाही. आजची एकोणीस घरं त्या एका पोराची.

खरं तर सतीशला उकळ्या फुटायला हव्या होत्या. साहेबाचं खानदान इस्पितळाच्या दारात निघालं होतं. पण ‘कमीपणा’ हा शब्द त्याने लगेच ओळखला. तो त्याचाच होता. त्याने स्मिताकडे पाहिलं. ती पाहुण्याकडे बघत नव्हती. ती त्याच्याकडे बघत होती.

“तुमच्या मिसेसनी ही गोष्ट मला ऑफिसात कितीदा तरी सांगायला लावली,” ल्यूक म्हणाला. “आणि दर वेळी एकच विचारतात. त्या बाळाला पुढे कुणी घरी नेलं का?”

“नेलं?” सतीशने विचारलं.

“नाही. कुणी नेऊन आपलं नाव दिलं असतं, तर माझं नाव जगात नसतं.”

मग सतीशने मराठीत विचारलं, आश्रमात त्या पोरीला काय म्हणतात?

“दुर्वा,” स्मिता म्हणाली.

“दुर्वा सतीश इंगवले,” तो म्हणाला. “उद्या फोन लाव त्यांना.”