नको म्हणणारं माणूस

"मग दे ना सोडून, डॅड," फोनवर ब्रिट म्हणाली. "आता तुला अडवणारं कोण आहे?"

ती प्रेमानेच म्हणाली होती. तिच्या पोर्टलंडच्या घरात मागे कुणीतरी भांडी लावत होतं, हसत होतं. वेंडेलने तिला बरं म्हटलं, तब्येतीला जप म्हणून सांगितलं आणि फोन ठेवला. सेंट पॉलमधल्या त्याच्या स्वयंपाकघरात फ्रिजची घरघर तेवढी उरली.

वेंडेल टॉलेफसन कित्येक वर्षं एका मोठ्या विमा कंपनीत दाव्यांचं काम पाहत होता. अलीकडे तर घरूनच. सकाळी सहकाऱ्यांचे चेहरे पडद्यावरच्या चौकोनांत उगवायचे आणि काम संपलं की विझायचे. त्याचं खरं मन होतं जुन्या घरांच्या लाकडी खिडक्यांत. फुगून अडकलेली तावदानं, ती वर-खाली सरकवणाऱ्या पण चौकटीत तुटून पडलेल्या दोऱ्या, काचांच्या कडेची सुकून भुगा झालेली लांबी. सुट्टीच्या दिवशी तो हे सगळं नीट करून द्यायचा, आणि त्याला बोलावणाऱ्यांची कमी नव्हती. नोकरी सोडून हाच धंदा करावा, असं त्याच्या फार दिवसांपासून मनात होतं.

त्याची बायको लोर्ना होती तोवर ते जमलं नाही. त्याने विषय काढला की ती हातातलं काम टाकून समोर येऊन बसायची. नोकरीबरोबर आरोग्यविमाही जाणार, तो कुठून आणणार? पोरीच्या कॉलेजचं काय? तुझ्या पाठीचं काय? मग दोघांची जुंपायची, ती ताटातलं निवेपर्यंत. शेवटी तो दार आपटून गॅरेजमध्ये जायचा. बायको करू देत नाही, असं तो मित्रांना सांगायचा, आणि ते खरंही होतं. लोर्नाला जाऊन आता तिसरं वर्ष चालू होतं.

या उन्हाळ्यात त्याने राजीनामा लिहून ठेवला. पाठवला मात्र नाही. आधी भावाला विचारलं. भाऊ म्हणाला, झकास कल्पना आहे, आणि आपल्या नव्या बोटीबद्दल बोलायला लागला. चर्चमधला डेनिस म्हणाला, आयुष्य एकदाच मिळतं, आणि पाठीवर थाप मारून गाडीकडे गेला. आता ब्रिटही हो म्हणाली होती. सगळेच हो म्हणत होते आणि कुणालाही त्यासाठी क्षणभर थांबावं लागत नव्हतं. प्रत्येक होकारानंतर वेंडेलचा पाय आणखीच मागे येत होता. का, ते त्याचं त्यालाही कळत नव्हतं.

शनिवारी तो मिसेस पोलाचेक यांच्याकडे गेला. या ऐंशीच्या पुढच्या बाई, एकट्याच राहायच्या, आणि त्याच्या कामात सतत खोट काढायच्या. थंडी यायच्या आत त्यांच्या जेवणाच्या खोलीची खिडकी उघडबंद व्हायला हवी होती. वेंडेलने दुपारपर्यंत ती मार्गी लावली. बाईंनी दोनदा वर-खाली करून पाहिली आणि कॉफी ओतली. त्यांचं कौतुक एवढंच असे. कप हातात घेता घेता वेंडेल सहज म्हणाला, की आता नोकरी सोडून हेच करायचं म्हणतोय.

बाईंनी कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"अजिबात सोडू नकोस," त्या म्हणाल्या. "डोकं ठिकाणावर आहे ना?"

वेंडेलने कप खाली ठेवला. बाई खुर्ची ओढून, लोर्ना बसायची तशाच, त्याच्या समोर बसल्या. इथला हिवाळा किती लांब असतो माहीत आहे ना? तेव्हा कोण भिंतीतली खिडकी काढू देणार आहे तुला? तो म्हणाला, हिवाळ्यात तावदानं गॅरेजमध्ये नेऊन करीन, तिथे शेगडी बसवलीय. आणि आजारी पडलास तर? त्याने विम्याची सगळी चौकशी केली होती, तेही सांगितलं. बाईंचं समाधान झालं नाही.

"मघाशी उठताना तुझे गुडघे वाजले. मला पार स्वयंपाकघरात ऐकू आलं."

"वाजतात. दुखत नाहीत."

"माझा नवरा अस्संच म्हणायचा."

वेंडेलचा आवाज चढला. बाईंचा त्याहून चढला. माणूस ठेवावा लागेल, तो पळून जाईल, घरमालक नव्या प्लास्टिकच्या खिडक्या बसवतील, मग काय करशील? तो टेबलावर बोट आपटून एकेकाचं उत्तर देत होता. सफरचंदाचा केक तसाच राहिला, कॉफीवर साय धरली. मध्येच कधीतरी त्याच्या लक्षात आलं, की आपले डोळे भरून आलेत. बाईंनी ते पाहिलं की नाही, कुणास ठाऊक. त्या उठल्या आणि कॉफी पुन्हा गरम करायला ठेवली.

"हे बघ, मी म्हणते म्हणजे म्हणतेच," त्या पाठमोऱ्याच म्हणाल्या. "सोडू नकोस. आणि पुढच्या शनिवारी ये. तुझं काय काय चुकतंय ते मी आठवून ठेवते."

सोमवारी सकाळी वेंडेलने राजीनामा पाठवला. थोड्याच वेळात त्याचा साहेब ब्रेंडन पडद्यावरच्या चौकोनात आला. पोरगा वयाने ब्रिटएवढाच, वागायला चांगला. त्याने मनापासून अभिनंदन केलं, हिंमत लागते म्हणाला, आणि जाता जाता विचारलं, "सगळे खूश असतील ना?"

"छे," वेंडेल म्हणाला, आणि कित्येक दिवसांत पहिल्यांदाच त्याला हसू आलं. "एक बाई भयंकर चिडणार आहेत."