स्थळ पसंत आहे

जावयाने मेन्यूकार्ड उभं धरलं आणि त्याच्या काठावरून डोकावला. "तुझी आईच आहे. पाठ आपल्याकडे. समोर टक्कलवाला."

"हळू बोल," लेक म्हणाली. "आईचे कान तुला माहीत नाहीत."

मध्ये फक्त एक लाकडी जाळी होती. पलीकडे आई एका अनोळखी गृहस्थासोबत जेवायला बसली होती. काल ती फोनवर बोलताना जावयाने ऐकलं होतं, "स्थळाचं उद्या दुपारी समोरासमोरच बोलू." तेव्हापासून त्याचं अन्नावरचं मन उडालं होतं, आणि त्याचं अन्नावरचं मन उडणं ही काही साधी गोष्ट नव्हती.

बाबा गेल्यावर आईला सोबत म्हणून ही दोघं चार दिवस राहायला आली होती. ते चार दिवस फार लांबले. आई डबे भरी, कपडे वाळत घाली, दिवेलागणीला दाराकडे बघत बसे. आता ती दुसरीकडे नांदायला गेली तर? किंवा, देव न करो, नवऱ्यालाच घरी घेऊन आली तर? मग लेक-जावयाने जायचं कुठे?

मालकीणबाई थाळी ठेवून गेल्या. हॉटेलचा मालक सीरियाचा, मालकीण कोरियाची. भट्टी त्याची, बरण्या तिच्या. हमसच्या मऊसूत आळ्यात लालभडक किमची विराजमान झाली होती, आणि भट्टीतली फुगलेली रोटी दोघांवर मायेचं पांघरूण घालून बसली होती.

"चण्याची चटणी आणि आंबलेला कोबी," जावई कुरकुरला. "कुणाचा कुणाला पायपोस नाही." मग त्याने एक घास घेतला. मग दुसरा. मग थाळी स्वतःकडे ओढली.

जाळीपलीकडून गृहस्थांचा आवाज आला. "ताई, स्थळ बघाल तर प्रेमात पडाल. मी मध्यस्थ म्हणून सांगत नाही."

"म्हणजे हा नवरदेव नाही," लेक कुजबुजली. "हा नुसता जुळवणारा."

"वय काय असेल?" आईने विचारलं.

"वय आहे, खोटं कशाला बोलू? पण जुनं ते सोनं. आत्ताची सगळी वरवरची रंगरंगोटी."

"आधीचं कुटुंब?"

"मागच्या महिन्यात गेलं."

लेकीने कपाळावर हात मारला. "महिनाच झाला बायकोला जाऊन! आणि लगेच दुसरं?"

"एकटं राहवत नसेल गं," जावई म्हणाला. तोंडात फलाफलचा वडा होता, त्यावर कोरियन तिखट होतं, त्यामुळे त्याच्या डोळ्यांत खरंच पाणी आलं होतं.

"कुठे पाणी मुरत नाही ना?" आईने विचारलं.

"छे! मी स्वतः खात्री केलीय. दुपारी जरा तापतं, एवढंच. संध्याकाळी एकदम गार."

"तापट आहे," लेक म्हणाली.

"पण राग धरून बसत नाही," जावई म्हणाला. त्याला हळूहळू तो माणूस आवडायला लागला होता.

"आणि ताई, मुख्य म्हणजे वरचा मजला रिकामा आहे."

जावयाला ठसकाच लागला. "ऐकलंस? अक्कल नाही! अगं, असा भोळा सांब तुझ्या आईला शोधून सापडायचा नाही."

मग तो थांबला. त्याच्या चेहऱ्यावर सकाळ झाल्यासारखं काहीतरी झालं. "तसं बघितलं तर आई तिकडे गेल्या, की इकडचं घर आपलंच की. त्यांची खोली पूर्वेची. ऊन काय सुंदर येतं!"

"लाज वाटते का तुला?" लेक म्हणाली. थोड्या वेळाने म्हणाली, "पडदे मात्र बदलावे लागतील."

पलीकडे गृहस्थ विचारत होते, "घरी सांगितलंत का?"

 रोटीचा तुकडा आईने हमसमधून फिरवला आणि तसाच ठेवला.

"कसं सांगू भाऊ? पोटचा गोळा आहे. दहा वेळा ओठांवर आलं, दहा वेळा गिळलं. लेकीला काय वाटेल? जावई काय म्हणतील? त्यांचं मन मोडून मला सुख नको. ती दोघं नाही म्हणाली, तर विषय संपला."

लेकीने हातातला घास खाली ठेवला. आई आपल्यासाठी मन मारत होती. आयुष्यभर तिने शेवटी जेवायचं, उरलेलं खायचं. आणि आता सुख दारात आलं, तर तिथेही आधी लेकीचं ताट बघत होती. आता पडदे आठवले नाहीत. ती उठली.

"अगं, थाळी..." जावई म्हणाला आणि थाळीसकट तिच्या मागे गेला.

"आई!" लेकीने तिला मागून मिठी मारली. "आम्ही सगळं ऐकलं. आम्हाला स्थळ पसंत आहे! अगदी मनापासून."

आई दचकली. "तुम्ही? इथे? आणि... पसंत आहे?"

"अहो, शुभस्य शीघ्रम!" जावयाने थाळी टेबलावर टेकवली. "याच आठवड्यात उरकू. बांधाबांध माझ्याकडे. टेम्पो मी आणतो."

"राग नाही ना आला?"

"राग कसला? उलट आधीच व्हायला हवं होतं."

"नंतर मागे फिरायचं नाही हं."

"शब्द दिला!" जावयाने छातीवर हात ठेवला.

आईचे डोळे भरून आले. तिने लेकीच्या केसांवरून हात फिरवला, जावयाच्या हनुवटीला लागलेलं हमस रुमालाने पुसलं आणि समोरच्या गृहस्थांकडे वळली.

"भाऊ, मग किल्ली जावईबापूंच्याच हातात द्या. तिथे राहायला हीच दोघं जाणार आहेत."